कार्ल नील्सन आणि त्याचा ड्रम: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डॅनिश संगीतकार कार्ल नील्सनवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर दिले तर ते उडवाउडवीचे होईल, म्हणून स्वतंत्र लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. पाचव्या सिम्फनीच्या (सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी, अनेक भागांची रचना) पहिल्याच प्रयोगाला लोक उठून गेले, हे मी लिहिलेले चूक आहे. नील्सन कंडक्टर, म्हणजे काठीच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणारा, म्हणून बेताचा होता, तरी मी त्याला 'संगीतकार आणि कंडक्टर' म्हणून मिरवले. खेड्यातल्या गरीब पोराची कहाणी रंगवली आणि संसारातली भानगड मात्र झाकली. सिम्फनी स्त्रीलिंगी असताना चौथीचे नाव 'न विझणारे' असे लिहिले. आणि तुमचा खरा राग ज्यावर आहे ते म्हणजे पाचवीतला स्नेअर ड्रम (खाली तारा लावलेला, कडकडणारा लष्करी ड्रम). ती नुसती चमत्कृती आहे आणि 'वादकाने वाटेल ते वाजवावे' असे लिहून संगीतकाराने पळवाट काढली, असे तुमचे म्हणणे.

पहिला आक्षेप शंभर टक्के बरोबर. पाचवीचा पहिला प्रयोग 24 जानेवारी 1922 रोजी कोपनहेगनला झाला, कंडक्टर नील्सन स्वतः, आणि तिथे कोणी दाराकडे धावले नाही. तो प्रकार दोन वर्षांनी, 20 जानेवारी 1924 रोजी स्टॉकहोमला घडला. कंडक्टर होता गेओर्ग श्नेफॉइग्ट. पहिल्या भागात ड्रमचा धुमाकूळ सुरू झाल्यावर श्रोत्यांपैकी साधारण पाव लोक उठून चालते झाले, उरलेल्यांतल्या काहींनी हुर्यो करून वाद्यवृंद बंद पाडायचा प्रयत्न केला, श्नेफॉइग्टने मात्र वाजवणे थांबवले नाही. मी दोन घटना एकात गुंफल्या होत्या. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

कंडक्टरपणाबद्दलही तुमचे अर्धे म्हणणे मान्य. नील्सन हा काठीचा जादूगार नव्हता. कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये 1908 ते 1914 अशी सहा वर्षे त्याने कंडक्टरची नोकरी केली, तीही दुय्यम जागेवर, फ्रेडरिक रुंगच्या हाताखाली. रुंग गेल्यावर मुख्य जागा आपल्याला मिळत नाही, गेओर्ग हॉबेर्गला मिळते, हे दिसल्यावर त्याने राजीनामा दिला. पण 'कंडक्टर' हा मी त्याचा दर्जा म्हणून लिहिला नव्हता, धंदा म्हणून लिहिला होता. दोन्ही ऑपेरांचे, म्हणजे 1902 च्या 'साउल आणि डेव्हिड'चे आणि 1906 च्या 'मास्करादे'चे पहिले प्रयोग त्याने स्वतः कंडक्ट केले. दुसरीपासून सहावीपर्यंतच्या सगळ्या सिम्फनींचेही त्यानेच केले. 1915 ते 1927 कोपनहेगनच्या 'म्युझिकफोरेनिंगेन' या संगीत मंडळाचा तो कंडक्टर होता. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या वाद्यवृंदापुढे तिथला कंडक्टर स्टेनहामार याच्या जागी तो वारंवार उभा राहत असे. 1912 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला त्याने तिसरी सादर केली, 1922 च्या डिसेंबरात बर्लिनला पाचवी, 1923 च्या जूनमध्ये लंडनला स्वतःच्याच रचनांची मैफल. वीस वर्षे ज्या कामावर पोट चालले ते वगळून त्याचे चरित्र लिहायचे कसे?

तरीही तुम्ही ज्या टोकाने हे पाहता त्याच्या उलट टोकाने पाहावे असे मला वाटते. काठी हातात येण्याआधी हा माणूस 1889 ते 1905 अशी सोळा वर्षे त्याच थिएटरच्या वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसला. त्याच्या सिम्फनींमध्ये जे जे विचित्र वाटते, ते त्या खुर्चीवरून पाहिले की सरळ दिसू लागते.

दुसऱ्या व्हायोलिनचे काम काय असते? चाल बहुतेक वेळा पहिल्यांकडे. दुसऱ्यांकडे मधली भरती: एकाच दोन-तीन स्वरांवर थरथरता गज, ठोक्याच्या मध्ये पडणारे तुटक स्वर, चालीच्या खाली तिसऱ्या स्वरावरून चालणारी समांतर ओळ. एका स्टँडवर दोघे बसतात आणि पान आतल्या बाजूच्या वादकाने उलटायचे असते, म्हणजे पान उलटायची जागा जोरकस ओळीत आली की तेवढ्यापुरता त्या रांगेचा निम्मा आवाज गळतो. हातांनी उतरवलेल्या पार्टमध्ये (एकेका वाद्यापुरत्या स्वरलेखनात) विरामांचे ठोके मोजता मोजता एक चुकला तर पुढच्या पन्नास ठोक्यांत सावरायला आधार सापडत नाही. कंडक्टरच्या काठीपेक्षा शेजारच्याच्या गजावर विसंबणे किती सोपे आहे हेही इथेच कळते. त्याच खुर्चीवरून नील्सनने वेर्दीचे 'ओथेल्लो' आणि 'फाल्स्टाफ' डेन्मार्कमध्ये प्रथम आले तेव्हा वाजवले, नॉर्वेजियन कंडक्टर योहान स्वेन्सनच्या काठीखाली. 14 मार्च 1894 रोजी त्याच्या स्वतःच्या पहिल्या सिम्फनीचा पहिला प्रयोग झाला, तेव्हाही काठी स्वेन्सनच्या हातात आणि रचनाकार दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसून वाजवत होता.

आता पाचवी कशी उघडते ते पाहा. चाल नाही, घोषणा नाही. फक्त व्हायोला (व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या आवाजाची बहीण), दोन स्वरांवर हेलकावत राहणारे, सी आणि ए. भरतीची वाद्ये भरतीचेच काम करताहेत, फक्त ज्याच्यासाठी भरती करायची ते वरून काढून घेतले आहे. मग त्यावर दोन 'बसून' (खर्जातली लाकडी सुषिर वाद्ये) शिरतात. मधल्या रांगेत वर्षानुवर्षे बसलेल्या माणसालाच हे सुचावे. चौथीचा दुसरा भाग घ्या: जवळजवळ सगळा लाकडी सुषिर वाद्यांचा, तंतुवाद्ये बहुतेक वेळ गप्प. आधीच्या भागात त्यांची दमछाक झालेली असते आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच व्हायोलिनना एक लांब, ताणलेली, पूर्ण जोराची ओळ पेलायची असते. मध्ये मिळालेली ती विश्रांती कानाला रंगबदल वाटते, हाताला मात्र ती श्वास असते.

ड्रमकडे येतो. तुम्ही 'वाटेल ते वाजवावे' एवढेच उचललेत, पण तो स्कोअरमधला (सगळ्या वाद्यांच्या एकत्र स्वरलेखनातला) तिसरा टप्पा आहे. त्याआधी दोन आहेत आणि ते टाळले तर तिसऱ्याला अर्थच उरत नाही.

पहिला टप्पा: पहिल्या भागाच्या पूर्वार्धात ड्रम लष्करी कवायतीसारखी एक छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजवतो. ती लिहिलेली आहे आणि कंडक्टरच्या ठोक्यात आहे. ऐकणाऱ्याला ती नुसती त्रासदायक वाटते, कारण भोवतालचे संगीत कवायतीचे नाही. पण ड्रम अजून वाद्यवृंदाचा सभासद आहे.

दुसरा टप्पा उत्तरार्धात. आधी संथ, रुंद, ऊबदार 'जी मेजर' (जी हा स्वर षड्ज मानणारी पट्टी) पसरतो. मग पूर्वार्धातली ती अस्वस्थ आकृती सुषिर वाद्यांतून परत डोके वर काढते आणि ड्रम येतो, पण आता त्याची लय त्याची स्वतःची. मिनिटाला 116 ठोके, वाद्यवृंदाची लय काहीही असो. म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्यापर्यंत साधारण 0.52 सेकंद. इथे मोकळीक शून्य आहे. उलट हे सगळ्या भागातले सर्वात कडक बंधन आहे, कारण साठ-सत्तर माणसे एका लयीत जात असताना एका माणसाने दुसरी लय घट्ट धरून ठेवायची आहे.

तिसरा टप्पा म्हणजे तुम्ही उद्धृत केलेली सूचना: वाद्यवृंदाची वाटचाल काहीही करून रोखायचीच, अशा आवेशाने ड्रमवादकाने उत्स्फूर्त वाजवावे. लयीत, मग स्वतःच्या लयीत, मग लयीच्याच बाहेर. ही पायऱ्यांची रचना आहे. पळवाट काढणाऱ्याने पहिल्याच पानावर 'काहीही वाजवा' लिहिले असते.

याच्या पुढे चौथी गोष्टही आहे. वाद्यवृंदाची लाट ड्रमवरून जाते, जी मेजर पूर्ण उंचीला पोचतो, आणि सगळे निवल्यावर एकटा क्लॅरिनेट उरतो. त्याच्या मागे कुठेतरी लांब तोच ड्रम, अगदी हलका. काही प्रयोगांत वादक तोवर विंगेत गेलेला असतो. हरलेला ड्रम पुन्हा लयीत आला आहे, पण दूरवरून.

आता हा भाग प्रयोगात का फसतो ते सांगतो, कारण तुमचे मत एखाद्या फसलेल्या ध्वनिमुद्रणावरून झाले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. बहुतेक चुका दुसऱ्या टप्प्यात होतात. समजा कंडक्टरने संथ भाग 58 च्या आसपास धरला. 116 त्याच्या बरोबर दुप्पट. ड्रमच्या प्रत्येक दुसऱ्या ठोक्याला वाद्यवृंद भेटतो आणि दोन लयींचे भांडण न होता एक सुबक दुगुन तयार होते. ऐकणाऱ्याला वाटते, ड्रम साथ करतोय. दुसरी चूक वादकाच्या डोळ्यांची. सवयीने नजर काठीकडे गेली की हात चार-पाच ठोक्यांत तिकडे ओढला जातो. म्हणून स्टँड असा लावावा की कंडक्टर दिसूच नये, आणि हवे तर कानात मेट्रोनोमची टिकटिक घ्यावी. तिसरी चूक कंडक्टरची: ड्रम जोरात आला की तो घाबरून ठोका मोठा करतो, तंतुवाद्ये तो ठोका पाहून कडक होतात आणि रुंद चाल मोडते. इथे काठी लहान ठेवायची असते.

तिसऱ्या टप्प्यातली नेहमीची चूक म्हणजे अखंड घुमवलेला रोल. सलग आवाज कान पाच-सहा सेकंदांत पार्श्वभूमीत ढकलतो, मग तो कितीही मोठा असो. रोखायचे असेल तर अडथळे हवेत: तुटक घाव, मध्येच थांबणे, अनपेक्षित जागी परत येणे, रिमवरचा कोरडा फटका, वाद्यवृंद श्वास घेतो नेमक्या त्या फटीत घुसणे. म्हणजे वादकाला भोवतालची चाल पाठ हवी. नुसता हात मोकळा असून भागत नाही. आणि दुसऱ्या टप्प्यातच सगळा जोर खर्च केला तर तिसऱ्यात चढायला जागा उरत नाही. एक बारीक तांत्रिक गोष्टही आहे. ड्रमच्या खालच्या चामड्याला लागलेल्या तारा ट्रॉम्बोन-ट्यूबाच्या खर्जाने आपोआप खुळखुळतात. ड्रम गप्प असतो त्या वेळात खटका पाडून तारा मोकळ्या ठेवाव्या लागतात, आणि वाजवायच्या आधी खटका वर करायचा विसरला की कडकडाटाऐवजी डब्यासारखा बोदा आवाज येतो.

जुनी ध्वनिमुद्रणे ऐकताना आणखी एक सावधगिरी. एरिक तुक्सेन आणि एमिल तेल्मान्यी (हा नील्सनचा जावई) यांनी 1950 मध्ये पाचवीची सुधारित आवृत्ती छापली आणि बरीच वर्षे तीच चालली. तिच्यात त्यांनी केलेले फेरफार मिसळले आहेत. कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीने 1994 ते 2009 या काळात नील्सनचे समग्र साहित्य चिकित्सक आवृत्तीत काढले, पाचवी त्यात 1998 मध्ये आली. त्यानंतरचे प्रयोग ऐकलेत तर तुलना न्याय्य होईल. 1962 चे अमेरिकन कंडक्टर बर्नस्टाईनचे ध्वनिमुद्रण साहजिकच त्याआधीचे आहे, पण ड्रमच्या बाबतीत ते अजिबात भित्रे नाही, म्हणून ते माझ्या यादीत राहील.

एक तारीख तुमच्या 'पळवाट' शब्दाच्या बाजूने वापरता येईल, म्हणून मीच सांगतो. पाचवी लिहून पूर्ण झाली 15 जानेवारी 1922 ला, म्हणजे पहिल्या प्रयोगाच्या नऊ दिवस आधी. तालमीला वेळ तुटपुंजाच. घाईघाईत ड्रमचा पार्ट मोकळा सोडला असेल का? मला तसे वाटत नाही. घाईत रिकामा सोडलेला पार्ट आणि 116 चा आकडा एकाच पानांवर नांदत नाहीत. शिवाय 1928 च्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोत (एकल क्लॅरिनेट आणि वाद्यवृंद यांच्या रचनेत) त्याने स्नेअर ड्रम पुन्हा वापरला, तोही जवळजवळ दुसऱ्या एकल वाद्यासारखा आणि पूर्ण लिहून. ड्रम त्याला लिहिता येत होता.

येतच असणार. इथे ती 'रंगवलेली' कहाणी उपयोगी पडते. फ्यून बेटावर नोर्रे लिंडेल्से गावाजवळ 9 जून 1865 रोजी जन्म, बारा भावंडांत सातवा, वडील घरे रंगवणारे आणि लग्नाकार्यात व्हायोलिन-कॉर्नेट वाजवणारे. शाळा सुटल्यावर त्याला दुकानदाराकडे उमेदवारीला लावले, ते दुकान काही महिन्यांत बुडाले. मग 1 नोव्हेंबर 1879 पासून, चौदाव्या वर्षी, ओडेन्सेच्या 16 व्या बटालियनमध्ये बिगुल आणि आल्टो ट्रॉम्बोन वाजवायची नोकरी. दर पाच दिवसांनी 3 क्रोनर 45 ओरे आणि एक पाव. हा आकडा मी डोळ्यांत पाणी आणायला दिला नव्हता. लष्करी ड्रमच्या इशाऱ्यांत ज्याची चौदा ते अठरा ही वर्षे गेली, त्याने पन्नाशी ओलांडल्यावर तोच ड्रम सिम्फनीत आणून बेलगाम केला, एवढे दाखवायचे होते. लेखात ते नीट जुळवले नाही, हा दोष माझा. बाकी गरिबी त्याने स्वतः 1927 च्या बालपणाच्या आठवणींत अगदी हसतखेळत सांगितली आहे, आणि 1901 पासून सरकारी मानधनही होते: आधी वर्षाला 800 क्रोनर, 1927 पर्यंत वाढत वाढत 7500.

संसाराबद्दल: झाकायचे काही नव्हते, लेख सिम्फनींवर होता. पण विचारलेत तर सांगतो. पत्नी आन मारी ही स्वतः नावाजलेली शिल्पकार. 10 मे 1891 ला फ्लॉरेन्समध्ये लग्न. लग्नाआधीचा त्याला एक मुलगा होता आणि 1912 मध्ये विवाहबाह्य संबंधातून एक मुलगी झाली. घरात मुलांना सांभाळणाऱ्या बाईशी असलेले संबंध उघड झाल्यावर दोघे सात-आठ वर्षे वेगळे राहिले, 1922 च्या सुमारास पुन्हा एकत्र आले. चौथी आणि पाचवी या दोन्ही त्याच काळातल्या. त्यावरून 'ड्रम म्हणजे बायको' छापाचे अर्थ काढणारे भेटतात, त्या वाटेला मी जाणार नाही. कोपनहेगनमधले नील्सनचे स्मारक तिनेच घडवले, 1939 मध्ये उभे राहिले.

राहिले नाव. 'न विझणारे' मी मुद्दाम नपुंसकलिंगी ठेवले. डॅनिश नावाला नपुंसकलिंगी उपपद आहे. न विझणारी कोण, तर सिम्फनी, असा त्याचा अर्थ नाही. 'जे विझत नाही ते' असा आहे. संगीत हेच जीवन आणि जीवनासारखेच ते विझत नाही, या अर्थाची टीप त्याने स्कोअरला जोडली होती. इंग्रजीत हे लिंग दाखवता येत नाही, त्यामुळे तिकडे ते नाव सिम्फनीचे विशेषण वाटते. मराठीत तिसरे लिंग आयते हाताशी असताना 'न विझणारी' लिहून ते का घालवायचे?

चौथीवर आलोच आहोत तर तिच्या शेवटच्या भागातल्या दोन टिंपनीवादकांचे (टिंपनी म्हणजे ठरावीक स्वरात लावता येणारे नगाऱ्यासारखे ड्रम) बघू, कारण 'ड्रमची हौस' या तुमच्या शेऱ्यात त्यांचाही समाचार आहे. 1 फेब्रुवारी 1916 ला पहिला प्रयोग झाला. दोन वादक रंगमंचाच्या दोन विरुद्ध बाजूंना. एका जोडीचे स्वर डी फ्लॅट आणि जी, दुसरीचे एफ आणि बी. दोन्हीकडे मधले अंतर तीन पूर्ण स्वरांचे, म्हणजे सा ते तीव्र मध्यम. त्यामुळे कुठल्याही एका षड्जावर कान टेकू शकत नाही, आणि चारही टिंपनींचा मारा एकदम आला की तळच हलतो. हळू वाजवतानाही धमकी कायम राहावी अशी सूचना आहे. प्रयोगात चुकते ते अंतरामुळे. दोघांत 15 मीटर असतील तर एकाचा आवाज दुसऱ्याला साधारण 0.044 सेकंद उशिरा पोचतो. दोघेही कानाने जुळवू लागले की दोघेही मागे पडतात. इथे पाचवीच्या उलट: डोळे काठीवर आणि समोरच्याच्या हातावर, कान बंद. आणि जागा वाचवायला दोघांना शेजारी उभे केले, तर समोरासमोरच्या झुंजीऐवजी नुसता दुप्पट गडगडाट ऐकू येतो. स्टिरिओ मुद्रण मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐकले तरी नेमके हेच होते, तेव्हा हेडफोन लावाच.

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्याशी तुलना तुम्ही शेवटी एका ओळीत केलीत. दोघे 1865 चेच, एक जूनमधला, एक डिसेंबरमधला, यापलीकडे त्या तुलनेतून मला फार काही मिळत नाही.

मूळ लेखात आज दोन बदल केले: स्टॉकहोमची तारीख, आणि ड्रमच्या परिच्छेदात 116 चा आकडा, जो आधीच द्यायला हवा होता. तुम्ही पाचवीचे कोणते मुद्रण ऐकलेत ते कळवा. कंडक्टर आणि साल पुरे, आवृत्ती कोणती असेल ते त्यावरून बहुधा काढता येईल.